खंडाने दिलेला दवाखाना

आमच्याकडे रान दुसऱ्याला करायला द्यायच्या दोन रीती आहेत. एक वाट्याची, दुसरी खंडाची. वाट्याने दिलं की बी-खत निम्मं निम्मं, पाण्याची पाळी चुकली तर जीव दोघांचाही वरखाली होतो, आणि पीक बुडालं तर दोघांचंही बुडतं. खंडाचं तसं नाही. एकरी रक्कम ठरते, ती मालकाच्या हातावर पडली की ठरलेली सालं रान करणाऱ्याचं. त्यानं ऊस लावावा, कांदा लावावा, पाणी बेसुमार सोडावं. मुदत संपत आली की तो रानात शेणखताची एक पाटीसुद्धा टाकत नाही. का टाकावी? पुढच्या साली रान त्याचं नसतं. असं रान माघारी येतं तेव्हा वर पांढरी खार फुटलेली असते.

तरी जाणता मालक खंडाने देऊनही आठवड्याला बांधावर चक्कर टाकतो. एक तर कूळ लागायची जुनी भीती आमच्या हाडात मुरलेली. दुसरं म्हणजे मालक बघतोय, हे करणाऱ्याला कळलेलं बरं असतं. "चालवायला दिलंय, देऊन टाकलं न्हाई," असं माझे वडील म्हणायचे.

वडलांचं हे वाक्य मला रानात कमी आणि दवाखान्याच्या बाकड्यावर जास्त आठवलं. ते कसं, तेच सांगतो.

मी भांडगावचा. पुण्याहून सोलापूर हायवेने निघालं की यवत मागं पडतं, चौफुला यायचा असतो, त्या मधल्या टप्प्यातलं आमचं गाव. जन्म १९६० च्या आसपासचा. दाखल्यावरची तारीख मास्तरांनी टाकलेली, म्हणून 'आसपासचा' म्हणतो. पुढं मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि कित्येक पोरांच्या तारखा मलाही आजीच्या सांगण्यावरून ठरवाव्या लागल्या.

माझ्या लहानपणी 'सरकारी आरोग्य' म्हणजे तीन माणसं. एक देवी काढणारा. दंडावरचा तो रुपयाएवढा वण माझ्या वयाच्या सगळ्यांना आहे. दुसरा हिवतापवाला. तो दारात येऊन 'कुणाला ताप?' विचारायचा, बोटाला टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख टाकून जायचा. आजी दर सणाला भिंत सारवायची, पण तेवढा चौकोन सोडून. म्हणायची, "सरकारचा हाय त्यो." तिसऱ्या नर्सबाई. त्या चालत यायच्या, पांढऱ्या लुगड्याच्या ओच्याला कुसळं लागलेली असायची.

त्या काळाचं गोडवं गाण्यासारखं फार काही नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर असेल तर औषध नसायचं, औषध असेल तर डॉक्टर नसायचा. आमच्या आळीतल्या एका गड्याला पाचटात फुरसं चावलं, तर बैलगाडीने नेलेल्या दवाखान्यात लस नव्हती. गडी वाचला, पण पायानं अधू झाला. पण पुढच्याच आठवड्यात जिल्हा परिषदेचे सदस्य गावात आले तेव्हा लोकांनी त्यांची जीप पारापाशी अडवली. वडील पुढं होते. "तुमच्या दवाखान्यात लस का नव्हती?" एवढंच विचारलं. त्या माणसाला खाली उतरून उत्तर द्यावं लागलं. उत्तर काय होतं ते मला आठवत नाही. तो खाली उतरला, हे आठवतं. जिल्हा परिषदा १९६२ साली झाल्या, त्यांचे गुणदोष पुष्कळ सांगता येतील. पण दवाखाना कुणाचा, हे तेव्हा गावातल्या शेळक्या पोरालाही ठाऊक होतं.

सरकारचा हिशोब कागदावर चांगलाच होता, आजही आहे. सपाटीच्या मुलखात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, तीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. आमच्यासाठी ते यवतला. त्याच्या वर दौंडचं उपजिल्हा रुग्णालय आणि मग पुणे. ही उतरंड कुणी मोडली नाही. फक्त हळूहळू तिच्यातलं एकेक मडकं दुसऱ्याच्या हातात गेलं.

दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणजे वाईटच झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. कारण वाट्याने केलेलं रानही मी पाहिलंय.

नदीपलीकडं शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. माझी मावशी त्या बाजूला दिलेली. सत्तरच्या दशकात पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी त्या भागातल्या गावांमध्ये आरोग्याचं काम अंगावर घेतलं, सरकारच्या साथीनं. केईएम हे सरकारी नव्हे, ट्रस्टचं रुग्णालय. बानूबाई तिथं १९४४ पासून. शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं आपले डॉक्टर खेड्यात पाठवले, आणि त्याहून मोठी गोष्ट केली ती म्हणजे गावातल्याच बायांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं. मावशीची शेजारीण त्यातली एक. चौथी शिकलेली बाई. कुठल्या घरात कुठली सून किती महिन्यांची आहे, कुणाच्या पोराला डोस द्यायचा राहिलाय, हे तिला तोंडपाठ. मावशीकडं गेलो की मी बघायचो, पुण्याहून आलेली डॉक्टरीण तिच्याशी 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारून बोलायची. चौथी शिकलेल्या बाईला डॉक्टरनं असं विचारलेलं मी त्याआधी कुठं पाहिलं नव्हतं. १९९३ साली बानूबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा मी वर्गात पोरांना सांगितलं, की हा पुरस्कार आपल्या नदीपल्याडच्या गावांतनं गेलाय.

तेही बाहेरच्यांनी चालवायला घेतलेलं कामच होतं. पण ती माणसं दहा दहा, वीस वीस वर्षं तिथंच राहिली. रान आपलंच आहे अशा बेतानं खत घालत राहिली.

मग आली १०८. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात ही गाडी सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या, फोन घेणारं केंद्र पुण्यात औंधला, आणि चालवणारी बीव्हीजी ही खाजगी कंपनी. पैसा सरकारचा. आमचं गाव हायवेवरचं, त्यामुळं अपघात आमच्या दारात. त्याआधी जखमी माणूस टेम्पोत घालून न्यायचो, वाटेत त्याचं डोकं धरून बसायला कुणीतरी लागायचं. १०८ आल्यावर पहिल्यांदा डॉक्टर असलेली गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिलेली आम्ही पाहिली. एका रात्री उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकली, तेव्हा फोन लावणारा मीच होतो. गाडी आली, पोरगा वाचला. गाडीवर कुणाचं नाव आहे हे त्या रात्री कुणी वाचलं नाही, आणि वाचायची गरजही नव्हती.

त्यामुळं २०१८ च्या दिवाळीनंतर अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि एका सरकारी इस्पितळात डायलिसिसची सोय झाली, तेव्हा ती सोय एक कंपनी चालवते याचं मला काहीच वाटलं नाही. इस्पितळाचं आणि कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. रक्तदाब बरीच वर्षं होता, गोळी कधी घेतली, कधी नाही. पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली, तपासलं तर क्रिएटिनिन अकरा. हाताची शीर जोडून घेतली, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथं कान लावला की आत पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर ऐकू येते. घरातली बारकी पोरं रांगेनं कान लावायची आणि अण्णा हसत हात पुढं धरायचे. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, चार-चार तास मशिनवर. डायलिसिस म्हणजे बरं होणं नव्हे, पुढच्या फेरीपर्यंत जगणं. हे समजायला घराला सहा महिने लागले.

पाणी मोजून. दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. वहिनींनी एका बाटलीवर खिळ्यानं खूण केली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा आणि आम्हाला प्रत्येकाला सांगावं लागायचं की किडनीवाल्याला नारळपाणी चालत नाही. उन्हाळ्यात मुठा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की अण्णा संध्याकाळी पाटाच्या कडेला जाऊन बसायचे, पाय पाण्यात सोडून. उभा जन्म ज्या माणसानं उसाला रात्री-अपरात्री बारी दिली, त्याला ओठ ओला करायला बाटलीची खूण बघावी लागायची.

तिथलं युनिट चांगलं होतं, हे आधी सांगायला हवं. गार हवा, स्वच्छ चादरी, नम्र पोरं. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, "हे सरकारी वाटत न्हाई." मशिन लावणाऱ्या पोराला अण्णांचं वजन पाठ होतं. दारात बघूनच सांगायचा, "काका, आज तीन किलो पाणी चढलंय, कुठं जेवलात?" तीन वर्षं त्या पोरांनी माझ्या भावाला जगवलं. त्यांचा पगार मात्र दोन-दोन महिने होत नव्हता, ते त्यांच्याच तोंडून कळायचं. माझा पुतण्या कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली आहे, त्याला ते ऐकून नवल वाटलं नाही. म्हणाला, "नाना, गेटवर कंपनीची पाटी, पावतीवर ठेकेदाराचं नाव. काय झालं तर दोघं एकमेकाकडं बोट दाखवत्यात."

हा कारभार कसा चालतो, हे मी हळूहळू समजून घेतलं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तो खाजगी भागीदारीचाच. जागा, वीज, पाणी सरकारचं. मशिन, माणसं, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सुया-नळ्या कंपनीच्या. प्रत्येक फेरीमागं ठरलेली रक्कम सरकार कंपनीला देणार, रोग्याला फुकट. कल्पना वाईट नाही. सरकारनं स्वतः मशिन घेतलं असतं तर ते किती दिवस खोक्यात पडून राहिलं असतं, हे आम्हाला अनुभवानं माहीत आहे. रक्ताच्या तपासण्याही २०१७ पासून अशाच महालॅबकडं गेल्या. एचएलएल ही केंद्र सरकारची कंपनी ते काम बघायची. सरकारी दवाखाना बाहेरून तोच, पण आत एक खोली हिची, एक खोली त्याची.

मे २०२२ मधला एक बुधवार. आम्ही सकाळी सात वाजता पोचलो तर युनिटच्या दाराला कुलूप आणि वर चिकटवलेला कागद : 'अपरिहार्य कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे.' खाली ना सही, ना तारीख. व्हरांड्यात आमच्यासारखी सतरा माणसं. बहुतेकांच्या अंगावर सूज, दोघांना बसवत नव्हतं.

मी खिडकीवर गेलो. "ते आमच्याकडं नाही, कंपनीकडं आहे." कंपनीचा नंबर लावला. "आमची बिलं थकलीत, कराराची मुदतही संपली, वरून आदेश आहे." वैद्यकीय अधीक्षकांना भेटलो. सज्जन माणूस, पण म्हणाले, "मी वर पत्र दिलंय." वर म्हणजे कुठं? त्यांनी छताकडं बघितलं. ते मुद्दाम नव्हतं, पण माझ्या डोळ्यापुढनं ते अजून जात नाही.

वहिनी तोपर्यंत गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांला धाप लागलीया. कुनाचं हाय ते मागनं बघू."

त्या रात्री आम्ही अण्णांना खाजगी डायलिसिसला नेलं. एका फेरीचे अठराशे, गाडीभाडं वेगळं. युनिट अकरा दिवस बंद होतं. तीन फेऱ्या झाल्या, मला पेन्शन आहे, भागलं. सतरांतल्या सगळ्यांना भागणारं नव्हतं. नदीकाठच्या एका गावची म्हातारी होती, नातू तिला मोटारसायकलवर मागं बांधून आणायचा, खरंच बांधून, ओढणीनं. अकरा दिवसांनी युनिट उघडलं तेव्हा तिचा बुधवारचा नंबर दुसऱ्याला दिलेला होता. त्या दुसऱ्या माणसाला तो कुणाचा नंबर, हे माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

मी मास्तर माणूस. भांडण जमत नाही, अर्ज जमतो. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. करारनामा मागितला. आधी आलं की विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. मग अपील. चार महिन्यांनी पानाला दोन रुपयांप्रमाणे करारनाम्याची प्रत हातात आली. सगळी इंग्रजीत. पुतणी बारावीला होती, ती आणि मी शब्दकोश घेऊन बसलो.

सगळं लिहिलेलं होतं. सेवा एक दिवसही खंडित होता कामा नये. मशिन बंद पडलं तर इतक्या तासांत दुसरी सोय. तरी फेरी चुकली तर कंपनीला दंड. कंपनीचं बिल सरकारनं इतक्या दिवसांत चुकतं करायचं. मुदत संपण्याआधी इतके महिने नव्या कराराची तयारी. त्या अकरा दिवसांचा दंड लावला का, असं मी पुन्हा अर्ज करून विचारलं. उत्तर आलं, 'निरंक'. म्हणजे सरकारनं वेळेत पैसे दिले नाहीत, कंपनीनं सेवा थांबवली, दोघांनीही करार मोडला आणि दोघांनी एकमेकाला माफ केलं. भोगलं ते तिसऱ्यानं, आणि त्याची त्या कागदावर कुठंच सही नव्हती.

ती पानं वाचताना मला २०२० ची आठवण झाली. तेव्हा अण्णांच्या फेऱ्या पास काढून चालूच होत्या आणि मोबाइलवर दिवसभर एकच बातमी : पुण्याचं जम्बो रुग्णालय. शिवाजीनगरला सीओईपीच्या मैदानावर पीएमआरडीएनं मांडव घालून ८०० खाटांचं कोविड इस्पितळ काही आठवड्यांत उभं केलं. २३ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. चालवायला दिलं लाईफलाईन नावाच्या एजन्सीला. पहिल्याच आठवड्यात तक्रारींचा पाऊस. २ सप्टेंबरला टीव्ही नाइनचे पत्रकार पांडुरंग रायकर तिथं गेले. त्यांना दुसरीकडं हलवायला हवी तशी रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही. रोज दुसऱ्यांच्या बातम्या देणारा माणूस, सगळे अधिकारी ओळखीचे, तरी ही गत. महाराष्ट्र हादरला. त्याच महिन्यात एजन्सीचं काम काढून घेतलं आणि पुणे महापालिकेनं जम्बोचा कारभार आपल्या हातात घेतला. पुढं ते प्रकरण पोलीस आणि ईडीपर्यंत गेलं.

मांडव तोच होता, खाटाही त्याच होत्या. फरक पडला तो मालक बांधावर जाऊन उभा राहिल्यानं. पण त्यासाठी आधी एका नावाजलेल्या माणसाचा जीव जावा लागला, आणि आमच्या म्हातारीची तर कुठं बातमीही नव्हती.

आता पारावरची गोष्ट सांगतो, कारण मला खरी खंत तिथली आहे. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद पडला आणि शेवटी कर्नाटकातल्या निराणी समूहाला चालवायला दिला गेला. ते घाटत होतं तेव्हा आमच्या पारावर रात्री अकरापर्यंत चर्चा. किती वर्षांचा करार? उसाला भाव काय देणार? कामगारांची थकलेली देणी कुणाच्या अंगावर? मशिनरी बदलली तर मुदत संपल्यावर ती कुणाची? सही न येणारी माणसंसुद्धा वकिलासारखी बोलत होती. कारण शेअर नावावर आहे. पाच हजारांचा का असेना, तो कागद ट्रंकेत आहे.

त्याच पारावर मी एकदा विचारलं, "आपल्या सरकारी दवाखान्यातलं काय काय चालवायला दिलंय, माहीत हाय का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "दवाखाना आपला कुठं हाय गुरुजी? सरकारचा हाय." आजीनं भिंतीवरचा चौकोन सारवायचा सोडला, तोच विचार. सरकारचा म्हणून त्याला हात लावायचा नाही. साबण घेतला तरी कर भरतो आम्ही, डिझेल घेतलं तरी भरतो. त्या दवाखान्यात आमचा शेअर कारखान्यापेक्षा जुना आहे. फक्त त्याचा कागद कुणी दिलेला नाही, म्हणून सभा भरत नाही आणि जाब विचारला जात नाही.

आणि विचारलं की काही हलत नाही असंही नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारनं सरकारी खात्यांत नऊ एजन्सींमार्फत माणसं भरायचा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरात निर्णय मागं घ्यावा लागला. त्याच साली १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतला केसपेपरसुद्धा फुकट झाला. त्याआधी, २००७ साली, आरोग्यसेवेवर गावानं देखरेख ठेवायचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला, तो पहिल्या पाच जिल्ह्यांत. त्यांत आपला पुणे जिल्हा होता. गावची समिती दवाखान्याला गुण द्यायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्याला समोर बसवून विचारायची : लस का नव्हती? वडलांनी जीप अडवून विचारलं तेच, फक्त खुर्च्या मांडून. पण जनसुनवाईत डॉक्टर येतो, आरोग्य अधिकारी येतो. ज्या कंपनीकडं खोली आहे, तिचा माणूस त्या खुर्चीवर आणून बसवायला हवा. सरकारनं दवाखाना कुणालाही चालवायला द्यावा, ट्रस्टला द्यावा, कंपनीला द्यावा. पण करारनामा मराठीत लिहून दवाखान्याच्या दारावर लावावा : काय द्यायचंय, किती वाजेपर्यंत, नाही दिलं तर दंड किती आणि तो लावणाऱ्या साहेबाचा फोन नंबर. शाळेच्या भिंतीवर आम्ही मास्तर लोक पोषण आहाराचा तक्ता लावायचो, सोमवारी काय, मंगळवारी काय. पोरंच ओरडायची, "गुरुजी, आज मटकी हाय, डाळ का शिजवली?" सातवीतल्या पोराला जे समजतं ते रोग्याला समजेल.

अण्णा २०२३ च्या थंडीत गेले, घरीच, पहाटे. पाच वर्षं मशिननं दिली, ती थोडी नव्हती. त्या खोलीतली पोरं मातीला आली होती, स्वतःच्या खर्चानं, मोटारसायकलवर तिबलसीट. वजन पाठ असलेला तो पोरगा अण्णांच्या पायाशी बराच वेळ उभा होता. माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या एका तरण्या पोराला तेच दुखणं निघालं. तिशीसुद्धा नाही, दोन लेकरं. त्याची आई वहिनींकडं विचारायला आली. काय खाऊ घालायचं, पाणी किती, शहाळं का नाही. वहिनींनी सगळं सांगितलं, भाज्या कापून पाण्यात किती वेळ ठेवायच्या तेही. मग आत जाऊन ट्रंक उघडली. अण्णांच्या फायलीखालून करारनाम्याची झेरॉक्स काढली. पुतणीनं समासात मराठीतून लिहिलेलं होतं आणि दंडाच्या कलमाखाली लाल रेघ होती.

"ह्ये जपून ठिव," वहिनी म्हणाल्या. "कुलूप दिसलं तर ह्ये घिऊन खिडकीवर जायाचं. ते म्हनतील आमच्याकडं न्हाई. तवा ह्या रेघंवर बोट ठिवायचं आन् म्हनायचं, वाचा."

ती बाई म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई."

"मलाबी इंग्रजी कुठं येतंय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना येतंय की."